येमूल सरांचा राहिलेला तास

पडद्यावरचा 'क'चा स्तंभ भराभर वर चढायला लागला, तेव्हा सुवर्णा बिराजदारला आधी वाटलं की यंत्रातच काहीतरी बिघडलंय.

२०३७ सालच्या ऑगस्टमधला सोमवार होता. सोलापुरात, विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातल्या मोठ्या व्याख्यानगृहात पहिल्या वर्षाची एकशे चाळीस मुलं बसली होती आणि सुवर्णा त्यांना वीज शिकवायला सुरुवात करत होती. बावीस वर्षं ती हे शिकवत आली होती. प्रश्न तिनं अगदी साधा टाकला होता. घरात दिव्याचं बटण दाबलं, दिवा लगेच लागला. त्या क्षणी दिव्यामध्ये जे इलेक्ट्रॉन हलले, ते आले कुठून? 'अ' म्हणजे वीजकेंद्रातून. 'ब' म्हणजे बटणापासून. 'क' म्हणजे बटण आणि दिवा यांच्यामध्ये सेकंदाला पन्नास वेळा ये-जा करणारे ते इलेक्ट्रॉन. आणि 'ड' म्हणजे ते आधीपासून तिथेच होते.

बरोबर उत्तर 'ड'. नवखी मुलं साधारणपणे 'अ' किंवा 'ब'कडे वळतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. 'क' तर चौथी जागा भरायची म्हणून गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेतून उचललेला पर्याय होता. तो एकशे चाळीसपैकी त्र्याऐंशी मुलांनी बाकावरचं बटण दाबून निवडला.

सुवर्णानं नेहमीप्रमाणे मुलांना शेजाऱ्याशी तीन मिनिटं बोलायला सांगितलं. या पद्धतीत हीच खरी गंमत असते. ज्याला कळलेलं असतं तो शेजाऱ्याला पटवतो, आणि दुसऱ्यांदा बटणं दाबली की बरोबर उत्तराचा स्तंभ वाढतो. सभागृह गजबजलं, हातवारे झाले, मुलांनी पुन्हा बटणं दाबली. या वेळी 'क' सत्त्याण्णववर गेला.

म्हणजे ही मुलं अंदाजानं बटण दाबत नव्हती. त्यांना खात्री होती, आणि ती खात्री ती शेजाऱ्यांनाही देत होती. सुवर्णानं मधल्या रांगेतल्या एका मुलाला उठवून विचारलं. तो उमरग्याकडचा होता. त्यानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, ते धोट्यासारखं असतं. मागावर धोटा कसा या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परत येतो, तसा इलेक्ट्रॉन. येताना वीज देतो, जाताना पण देतो. आमच्या शाळेत सरांनी चित्र काढून दाखवलं होतं."

आजूबाजूच्या माना हलल्या. सुवर्णाच्या हातात तिची टिपणं होती. पुढच्या पानावर, तिच्याच अक्षरात, लिहिलेलं होतं: 'मागावरचा धोटा – चित्र काढणे'.

तिनं ते पान उलटलं नाही. उरलेली वीस मिनिटं तिनं कशी काढली ते तिला नंतर आठवेना.

खोलीत येऊन तिनं ती टिपणं पुन्हा उघडली. प्रत्यावर्ती विद्युतधारा, म्हणजे आपल्या घरात येणारी, दिशा बदलत राहणारी वीज, समजावताना ती दर वर्षी धोटा सांगायची. तिच्या डोक्यातला धोटा केसाच्या जाडीइतकाही सरकत नव्हता, जागच्या जागी थरथरत होता, कारण तारेतला इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात तेवढाच हलतो. पण सोलापूरच्या परिसरातल्या मुलांनी खरा धोटा पाहिलेला. तो पार या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. मुलांच्या डोक्यात तोच गेला असणार. बावीस वर्षं ती "समजलं का?" असं विचारत आली, मुलं माना डोलवत आली, आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं होती.

ही गोष्ट उघडी पडली ती 'पडसाद'मुळे.

पडसाद विद्यापीठात येऊन तीन वर्षं झाली होती. प्रत्येक बाकावर, प्रत्येक जागेपुढे चार बटणांची एक बोटभर रुंद पट्टी. प्रश्न पडद्यावर आला की मुलानं एक बटण दाबायचं. वर्गात कुणाचंही नाव दिसत नाही, फक्त चार स्तंभ दिसतात. पण पट्टी एवढ्यावर थांबत नाही. बोट किती सेकंद अडखळलं, आधी कुठल्या बटणावर टेकलं, मग कुठे सरकलं, दाब ठाम होता की हलका, हे सगळं ती टिपते. एखादा विद्यार्थी चुकला एवढंच त्यातून कळत नाही. तो कुठल्या वाटेनं चुकला, तेही कळतं.

यंदा त्याला 'उगम' नावाची नवी जोड मिळाली होती. तिच्यामागची कल्पना जुन्या पोथ्या तपासणाऱ्या पंडितांची. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातानं नकलून काढत. नक्कल करणाऱ्याची एखादी चूक व्हायची, आणि पुढं त्या पोथीवरून ज्या ज्या पोथ्या उतरवल्या जात त्या सगळ्यांत तीच चूक जायची. म्हणून दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर त्या एकाच मुळावरून उतरल्या आहेत असं समजतात. बरोबर ओळींवरून काही कळत नाही, त्या सगळीकडे सारख्याच असतात. उगम हेच माणसांच्या समजुतींबाबत करत होतं. राज्यातले सगळे विज्ञानशिक्षक दर वर्षी उजळणीच्या वर्गात पडसादवर उत्तरं देत, हजारो माजी विद्यार्थीही हौसेनं देत. कुणी कुठल्या शाळेत, कुठल्या वर्षी, कुणाच्या हाताखाली शिकलं याची नोंद होतीच. दोन्ही एकत्र ठेवलं की एखाद्या गैरसमजाची वंशावळ पायरीपायरीनं मागे नेता येत होती.

सोमवारी दुपारी सुवर्णानं तो प्रश्न उगमकडे पाठवला. बुधवारी उत्तर आलं. धोट्याची समजूत अकरा जिल्ह्यांत पसरली होती, अंदाजे अडतीस हजार माणसांत, आणि त्यांतले सहाशेहून अधिक स्वतः शिक्षक होते. सगळ्या फांद्या मागे मागे जात सोलापुरातल्या एका महाविद्यालयात येत होत्या. तिथल्या १९८३च्या तुकडीत ती समजूत नव्हती. १९८४च्या तुकडीत होती. आणि त्या दोन वर्षांच्या मध्ये, झाडाच्या अगदी मुळाशी, एक नाव होतं. प्रा. अंबादास नरसय्या येमूल.

सुवर्णाला आश्चर्य वाटलं नाही. धोटा तिला सरांनीच दिला होता.

ती अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावातली. घरात कन्नड, शाळा कन्नड माध्यमाची. २००७ साली ती सोलापूरला बी.एस्सी.ला आली तेव्हा वर्गात मराठी बोलत आणि पुस्तकं इंग्रजीत असत. पहिले दोन महिने तिला काहीही समजलं नाही. मावशीच्या घरी राहायची, आणि दिवाळीत गावी गेलं की परत यायचं नाही असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मग एका सकाळी येमूल सरांनी फळ्यावर माग काढला, धोटा काढला, आणि तिच्या मावशीच्या शेजारी दिवसभर खडखडत असणारी ती वस्तू एकदम पदार्थविज्ञान झाली. त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हात वर करून प्रश्न विचारला. दिवाळीनंतर ती परत आली. पुढचं सगळं, एम.एस्सी., पीएच.डी., ही नोकरी, त्या एका सकाळमधून आलेलं.

आता पडसादच्या पुण्यातल्या मुख्य केंद्राला तिच्याकडून एक शिक्कामोर्तब हवं होतं. ती सोलापूर विभागाची समन्वयक होती. केंद्राचे संचालक डॉ. हेरंब सबनीस यांनी गुरुवारी फोन करून नियम समजावून सांगितला. उगम निश्चित झाला की त्या वंशावळीतल्या प्रत्येक माणसाच्या फोनवर एक दुरुस्तीपत्र जातं. त्यात चूक काय, बरोबर काय, आणि ती चूक कुणाकडून आली ते लिहिलेलं असतं. नाव कशासाठी, असं सुवर्णानं विचारलं. सबनीस समंजस माणूस होते. त्यांचं म्हणणं असं, की नाव कळलं तर त्या शिक्षकाकडून घेतलेल्या बाकीच्या गोष्टीही माणूस तपासून बघतो, आणि तसं झाल्याचं आकडे दाखवतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिनं एकतर 'निश्चित' लिहायचं, नाहीतर 'अनिश्चित'.

'अनिश्चित' लिहिणं काही अवघड नव्हतं. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या नोंदी, त्यात शंका काढायला जागा असतेच. शुक्रवारी सकाळी तिनं आकड्यांत थोडा दिलासाही शोधून पाहिला. धोट्यानं शिकलेली मुलं पुढं विज्ञानात जास्त टिकली का? तसं निघालं असतं तर सरांच्या बाजूनं काही बोलता आलं असतं. फरक निघाला नाही. त्यांचं प्रमाण इतरांइतकंच होतं.

तिच्या डोळ्यासमोर ते अडतीस हजार फोन येत राहिले. कुठे बार्शीत, कुठे उदगीरला, कुणीतरी साठीतला मुख्याध्यापक चहा पिताना फोन उघडणार आणि वाचणार की तुम्हाला येमूल सरांनी चुकीचं शिकवलं. सर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्याही फोनवर कुणीतरी ते पाठवणारच.

शनिवारी सकाळी तिनं काहीच न लिहिता गाडी काढली आणि ती पूर्व भागात त्यांच्या घरी गेली.

पूर्व भाग म्हणजे सोलापूरची विणकरांची वस्ती. सरांच्या घरासमोरचे माग जाऊन तिथे आता शिवणकामाचा कारखाना झाला होता, पण गल्ली तीच होती. सरांच्या सूनबाई पद्मावतीवहिनींनी दार उघडलं. सर खिडकीशी बसून भिंगानं काहीतरी वाचत होते. ते आणखी वाळले होते, पण आवाज तसाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी सुवर्णाला ओळखलं, आईची चौकशी केली, वहिनींना तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि थोड्या वेळानं तांदळाच्या पिठाची गरम सर्वपिंडी समोर आली.

सुवर्णानं येताना बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. तिनं सरळ टॅबलेट काढून त्यांच्यापुढे धरला आणि सोमवारचा प्रश्न दाखवला, मग चार स्तंभ, मग ती वंशावळ. पडसाद काय आहे ते समजावलं. दुरुस्तीपत्राचंही सांगितलं. स्वतः बावीस वर्षं तेच शिकवत आल्याचं सांगितलं.

सरांनी वंशावळीकडे फारसं पाहिलं नाही. ते पुन्हा पुन्हा त्या स्तंभांकडे परत येत होते. त्यांनी विचारलं, हे तासाच्या मधेच दिसतं का? मुलं बसलेली असतानाच? ती हो म्हणाली. नावं दिसत नाहीत, म्हणजे कुणी लाजत नाही? नाही, ती म्हणाली.

"चौतीस वर्षं," सर म्हणाले, "मी रोज विचारायचो, समजलं का? आणि रोज सगळे हो म्हणायचे. मला कधी हे दिसलं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकण्याची सुवर्णाची तयारी नव्हती.

"तुला वाटत असेल, माझ्या नकळत झालं. तसं नाही. धोटा चुकीचा आहे हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

१९८४ साली त्यांच्या वर्गात निम्मी मुलं मागावर काम करून शिकणारी होती. फळ्यावरची समीकरणं त्यांच्या डोक्यावरून जायची. एका पोरानं विचारलं, सर, वीज जर जाते तशी परत येते, तर आमच्या दिव्याला मिळतं काय? सरांना त्या क्षणी धोटा सुचला. धोटा येतो-जातो, तरी कापड विणलं जातंच की. वर्ग एकदम जागा झाला. पहिल्यांदाच मुलं तास संपल्यावर थांबून बोलत राहिली. सरांनी घरी जाऊन दुसऱ्या दिवशीचा तास लिहून काढला, त्यात धोट्याचं चित्र कुठे चुकतं ते सांगायचं होतं. धोटा लांब धावतो, इलेक्ट्रॉन धावत नाही, तारेत तो आधीच ठासून भरलेला असतो, धावते ती फक्त ढकल.

"दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो," सर म्हणाले. "सगळी मुलं वेळेवर आलेली. आपल्याला कळतंय, हे पहिल्यांदा कळल्याचा आनंद होता त्यांच्या चेहऱ्यावर. आणि मी जाऊन म्हणणार, कालचं विसरा. मला ते जमलं नाही, सुवर्णा. म्हटलं, आठवड्यानं सांगू. मग परीक्षा आली. पुढच्या वर्षी धोटा पुन्हा सांगितला, आणि दुसरा तास पुन्हा राहिला. नंतर नंतर तर मी तो लिहिलेला कागदही शोधला नाही."

सुवर्णाला राग आला, हे खोटं नाही. आठवडाभर ती त्यांच्या निरपराधपणाचं ओझं वाहत होती. पण समोर बसलेल्या माणसानं तिनं न विचारता, कुणी पकडलेलं नसताना, हे सांगितलं होतं. राग फार वेळ टिकला नाही. तिनं त्यांना दिवाळीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती कधी बोलली नव्हती. तो धोटा नसता तर मी परत आलेच नसते सर, असं ती म्हणाली.

"ते खरं असेल, आणि मला ऐकून बरं वाटलं," सर म्हणाले. "पण म्हणून तास घेतला असं होत नाही. तो राहिलाच."

त्यांनी भिंग मिटून खिशात घातलं आणि विचारलं, दुरुस्तीपत्र थोडं थांबवता येईल का. नाव काढू नकोस, असंही त्यांनी लगेच बजावलं. नाव हवंच. फक्त मजकूर मला लिहू दे, आणि राहिलेला तास मला घेऊ दे.

त्याच दुपारी सुवर्णानं 'निश्चित' असं लिहून दिलं आणि सबनीसांना फोन केला. सबनीसांनी नियम पुन्हा वाचून दाखवला. मग त्यांनी सरांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. उगम सुरू झाल्यापासून राज्यात चव्वेचाळीस नावं निश्चित झाली होती. त्यांतल्या एकोणीस जणांनी वकिलाची नोटीस पाठवली होती, बाकीच्यांनी उत्तर दिलं नव्हतं. तास घेतो म्हणणारा हा पहिलाच. सबनीसांनी तीन आठवड्यांची मुदत दिली, आणि अकरा जिल्ह्यांतली पडसादची सभागृहं मुदतीच्या शेवटच्या शनिवारसाठी मोकळी ठेवण्याची तजवीजही त्यांनी स्वतःहून केली.

शेवटच्या आठवड्यात अडतीस हजार फोनवर जे पत्र गेलं, ते असं होतं: 'मी अंबादास येमूल. १९८४ साली विजेचा एक तास मी अर्धा सोडला. जे माझ्याकडे शिकले आणि जे त्यांच्याकडे शिकले, त्या सर्वांना तो अर्धवट पोचला आहे. उरलेला अर्धा तास मी येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता घेणार आहे. जवळच्या केंद्रावर यावे. उशीर झाला याबद्दल क्षमा असावी.'

ते तीन आठवडे सुवर्णा जवळजवळ रोज पूर्व भागात जात होती. सरांनी तीन वेळा तास लिहिला आणि तीन वेळा फाडला. त्यांना या वेळी नवीन चित्र हवं होतं, आणि ते जिथे तुटतं ती जागाही त्याच तासात दाखवायची होती. पडसादची पट्टी त्यांनी घरी मागवून घेतली आणि वहिनींवर, शेजाऱ्यांवर, कारखान्यातल्या बायकांवर प्रश्न टाकून पाहिले. कुणाचं बोट अडखळलं की त्यांना मोठी मौज वाटायची. त्यांचं ते हरखणं बघताना सुवर्णाच्या ध्यानात आलं की आपण ही तीन वर्षं या यंत्राकडे हजेरीच्या वहीसारखं बघत होतो. मुलं चुकली की आकडा टिपायचा आणि पुढं जायचं.

शनिवारी विद्यापीठाचं व्याख्यानगृह भरलं. एकशे चाळीस जागा होत्या, मागे उभी राहिलेली माणसं वेगळी. पुढच्या रांगांत पहिल्या वर्षाची मुलं, ज्यांना सुवर्णानं बरोबर उत्तर अजून सांगितलं नव्हतं, आणि मागे पांढऱ्या केसांचे शिक्षक. हाच तास पडद्यावर बघायला बाकीच्या दहा केंद्रांवर मिळून साडेचार हजार लोक आल्याचं सबनीसांनी कळवलं. अडतीस हजारांतले साडेचार हजार. सर म्हणाले, माझ्या वर्गात हजेरी याहून कमी असायची.

सुरुवातीला सरांनी तोच जुना प्रश्न टाकला, काही न समजावता. सोलापूरच्या सभागृहात 'क' चौऱ्याऐंशी. ते स्तंभाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे माझं उत्तर आहे. चुकलेलं. तुमच्यापर्यंत ते मी पोचवलं."

मग त्यांनी दोर मागवला. जाड सुती दोर, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली, एवढा लांब की सगळ्या रांगांतून फिरून परत सरांच्या खुर्चीपाशी येत होता. अकराही केंद्रांवर तसाच एकेक होता, आणि तिथे सरांबरोबर तो हलवायला एकेक माणूस. प्रत्येकानं तो अंगठा आणि बोट यांच्या कड्यात सैल धरायचा होता. सर्वांच्या हातात दोर आल्यावर सरांनी आपल्या हातातला भाग दोन बोटं पुढे ढकलला, दोन बोटं मागे ओढला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

सगळ्या हातांत एकदम सळसळ झाली. मागच्या रांगेतला एक म्हातारा शिक्षक हसला.

"तुमच्या बोटांत जो दोर हलला," सरांनी विचारलं, "तो माझ्याकडून आला का?"

मुलं आपल्या हाताकडे बघत राहिली. उमरग्याचा तो मुलगा हळूच म्हणाला, "नाही सर. तो हातातच होता."

सरांनी त्याला दोर घट्ट धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवला. तळवा गरम झाला का? झाला. ती ऊब कुठून आली? माझ्या दंडातून. पण दोराचा हा तुकडा माझ्यापासून उठून तुझ्यापर्यंत आला नाही. तारेतला इलेक्ट्रॉनही असाच. तो आधीपासून दिव्यात आहे, तारेत आहे, सगळीकडे ठासून आहे. बटण दाबलं की ढकल पोचते, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. इलेक्ट्रॉन जागच्या जागी केसाच्या जाडीपेक्षाही कमी थरथरतो, आणि दिवा लागतो.

नंतर ते खुर्चीत सावरून बसले. "आता हा दोर कुठे तुटतो तेही आजच सांगतो," ते म्हणाले, "उद्यावर ठेवत नाही." दोर ओढला तर ओढ दोरातून जाते. विजेची ऊर्जा तशी तारेच्या पोटातून जात नाही, तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून जाते, आणि ते क्षेत्र दोरात कुठेच दिसत नाही. म्हणून दोरावरही फार विसंबू नका. ज्या दिवशी क्षेत्र शिकाल त्या दिवशी दोर सोडून द्या.

शेजाऱ्यांशी बोलायला तीन मिनिटं दिली गेली. सुवर्णा बाजूला उभी राहून ऐकत होती. तिच्या जवळच्या बाकावर एक पांढऱ्या केसांच्या बाई एका अठरा वर्षांच्या मुलाकडून काहीतरी समजावून घेत होत्या आणि मधेमधे त्यालाच उलट विचारत होत्या. असं दृश्य तिनं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

पुन्हा बटणं दाबली गेली. 'ड'चा स्तंभ वर गेला, पार वर. सोलापूरच्या सभागृहात 'क'पाशी उरले सात. बाकीच्या केंद्रांचे आकडेही जवळपास तसेच. टाळ्या वाजल्या, माणसं उभी राहिली, कुणी सरांच्या पाया पडायला पुढं आलं. सुवर्णाला वाटलं, इथे थांबावं, एवढं पुष्कळ झालं. सर थकलेले दिसत होते.

सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांची नजर पडद्यावर होती.

"तुम्ही सगळे आलात, उपकार झाले," ते म्हणाले. "आता ज्यांना जायचं त्यांनी जावं. ते जे सात जण आहेत, त्यांची नावं मला दिसत नाहीत आणि बघायचीही नाहीत. पण मला घाई नाही. त्यांनी वाटलं तर बसून राहावं."

सभागृह हळूहळू रिकामं झालं. पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. वहिनींनी सरांना पाणी आणून दिलं. सुवर्णा दोर गुंडाळायला वाकली होती, ती सरळ झाली आणि तिनं बाकांकडे पाहिलं. इथेतिथे, एकमेकांपासून लांब लांब माणसं बसून राहिली होती. तिनं मोजलं. अकरा होती.

तिला वाटलं आपलं चुकलं, म्हणून तिनं पुन्हा मोजलं. अकराच.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. पहिल्या वर्षाची, अफसाना बागवान. वर्गात कधीच न बोलणारी.

"सर," ती म्हणाली, "मी बरोबरचं बटण दाबलं होतं. शेजारणीनं सांगितलं म्हणून. पण मला कळलेलं नाही."

सरांनी खुर्ची तिच्या बाकाजवळ ओढून घ्यायला सांगितली. सुवर्णानं ती ओढली, आणि दोराचं एक टोक सोडवून अफसानाच्या हातात दिलं.

"बरं झालं थांबलीस," येमूल सर म्हणाले. "सांग, कुठपर्यंत कळलं?"